जीपगाडीस जोड गिअरपेटी

नातेपुत्याच्या काळ्या रानातून पावसानंतर भरलेली गाडी बाहेर काढणे हे कष्टाचे काम होय. चारही चाकांना ओढ देणारी जीपही तेथे कधी कधी रुतून बसते. अशा वेळी काही मालक मूळ गिअरपेटी व ओढ विभागणारी पेटी यांच्यामध्ये तिसरी, जोड पेटी बसवितात. मूळ पेटीचा पहिला गिअर बळ तिप्पट करीत असेल व जोड पेटी दुप्पट, तर एकूण बळ सहापट होते; वेग मात्र त्याच प्रमाणात घटतो. इंजिनाची अश्वशक्ती तिळभरही वाढत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पेटी मध्ये आल्याने मागची पेटी आणखी मागे सरकते. सबब मागील दांडा आखूड व पुढील लांब करून दोन्हींचा तोल साधावा लागतो. पेटीखाली सांगाड्यास भक्कम आडवा आधार द्यावा. वाढलेल्या बळाचा सर्व ताण अखेर अ‍ॅक्सलवर येतो. तो जुना असल्यास आधी तपासावा, कारण भर फडात मोडलेला अ‍ॅक्सल रुतलेल्या चाकाहून महाग पडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही. म्हणून पेटी खरेदी करण्यापूर्वीच अकलूजच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी.