खर्चाच्या वहीत नसलेला आजार

नीरा डाव्या कालव्यावरच्या गावांत माणसे हिशेबाला पक्की. बेणे, खताची पोती, पाणीपट्टी, तोडणीवाल्यांना दिलेली खुशाली, कारखान्याचा पहिला हप्ता, सोसायटीची कपात, सगळे वहीत उतरते. त्यात ‘दवाखाना’ असाही एक रकाना असतो. बाळंतपण, सासऱ्यांची शुगर, आईचा मोतीबिंदू त्यात येतात. घरात कोणाला महिनोन्‌महिने झोप नसेल, कोणी बोलेनासे झाले असेल, कोणाला भास होत असतील, तर त्यापायी गेलेला पैसाही याच रकान्यात मुरतो. आधी गावातल्या डॉक्टरांकडची सलाईन, मग ताकदीची इंजेक्शने, मग ‘बाहेरचे’ बघणाऱ्याकडचा नारळ आणि गाडीभाडे, आणि सगळे करून थकल्यावर मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी. वहीत शब्द एकच, दवाखाना.

देशाची वहीही फार वेगळी नाही. मानसिक आरोग्यावर सरकार किती खर्च करते, तो पैसा कुठे जातो आणि त्यातून बारामती-इंदापूरच्या माणसाच्या हाती काय पडते, हे पाहायचे तर तीन-चार वेगवेगळी पाने उलटावी लागतात.

आठ लाखांतले किती?

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्यांत घरोघर जाऊन केलेल्या या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. त्याहून बोलका आकडा उपचारांचा. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे पुढचे गणित हे निव्वळ त्रैराशिक आहे, मोजदाद नव्हे.

२०११च्या जनगणनेत बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून आठ लाखांच्या थोडी वर होती. त्यात साडेपाच लाख प्रौढ धरले, तर १०.६ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ५८ हजार जण होतात. उपचारांपासून दूर राहणाऱ्यांचे प्रमाण कमीत कमी, म्हणजे ७० टक्के धरले, तरी ४० हजार माणसे दवाखान्याची पायरी न चढता दिवस काढत असणार. यातले बहुतेक जण आपण ज्याला ‘वेड’ म्हणतो तसे नसतात. ‘टेन्शन आहे’, ‘मन लागत नाही’, ‘अंग दुखतंय पण रिपोर्ट नॉर्मल’ असे सांगणारी, एरवी शेतात, एमआयडीसीत आणि चुलीपाशी राबणारी ही माणसे आहेत.

त्यांना तपासणारे किती? २०२३-२४च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ हा आकडा दिला आणि किमान तीन असावेत, या जागतिक आरोग्य संघटनेच्या अपेक्षेची आठवण करून दिली. आठ लाखांना हे लावले, तर सहा तज्ज्ञ वाट्याला येतात, हवेत चोवीस. सहा ही झाली सरासरी, आणि सरासरीत पुण्या-मुंबईची गर्दीही मिसळलेली असते.

८८ पैसे

२०२४-२५च्या अर्थसंकल्पात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९१ हजार कोटी रुपये मिळाले. त्यातली थेट मानसिक आरोग्याच्या नावावरची रक्कम साधारण एक हजार कोटी, म्हणजे शंभरातला जेमतेम एक रुपया. त्या हजारातले ८५० कोटी एकट्या निम्हान्सचे. निम्हान्स ही देशाची शान आहे. तिथे डॉक्टर घडतात, संशोधन होते, आणि ते व्हायलाच हवे. पण कळसच्या किंवा सुप्याच्या रुग्णाला ती शान रोजच्या गोळीच्या रूपाने दिसत नाही.

ही केवळ आपली तऱ्हा नाही. जगभरातली सरकारे आरोग्यावरच्या खर्चातले सरासरी दोनच टक्के मानसिक आरोग्याला देतात. मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलेही सुमारे ७० टक्के मोठ्या मनोरुग्णालयांत जातात. महाराष्ट्रातही ‘मेंटल हॉस्पिटल’ म्हटले की ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार नावे डोळ्यांपुढे येतात. येरवड्याची मंजूर क्षमता २,५४० खाटांची, आशियातल्या मोठ्या मनोरुग्णालयांत मोजली जाणारी. अनेक पिढ्यांनी या आजाराचा पत्ता येरवडा असाच सांगितला. त्या धास्तीने कित्येकांनी घरातल्या माणसाला साधा डॉक्टरही दाखवला नाही.

गावापर्यंत पोचण्यासाठी बनवलेली योजना वेगळी आहे. १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६पासून त्याला जिल्ह्याचे रूप मिळाले. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असे पथक. त्याने ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात यावे, तिथल्या डॉक्टरांना शिकवावे आणि गोळ्या तिथेच मिळाव्यात, अशी ही कल्पना. कागदावर हा कार्यक्रम आज देशातल्या जवळजवळ सगळ्या जिल्ह्यांत आहे.

पैशांचे मात्र असे. या कार्यक्रमासाठी एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये मिळू शकतात. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११मध्येच ९४ लाखांवर होती. म्हणजे पूर्ण रक्कम आली आणि सगळी खर्च झाली, तरी माणशी वर्षाला ८८ पैसे. दुसरीकडे सिंधुदुर्ग हा अख्खा जिल्हा साडेआठ लाखांचा, आपल्या दोन तालुक्यांपेक्षा जरासाच मोठा, आणि त्याला स्वतंत्र पथक. मोठ्या जिल्ह्याच्या टोकाला असण्याची किंमत ही अशी मोजावी लागते. पुणे जिल्ह्याचे पथक एकच असते, आणि त्याला जुन्नरपासून इंदापूरपर्यंत पुरायचे असते.

विमा खाटेला, खर्च गोळीला

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८मध्ये लागू झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यावा, असे विमा कंपन्यांना बजावले. कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण देणाऱ्या आयुष्मान भारत योजनेतही मानसिक आजारांचे उपचार आहेत.

मग अडते कुठे? विमा आणि योजना दोन्ही प्रामुख्याने रुग्ण दाखल झाल्यावर पैसे देतात. मानसिक आजारात दाखल व्हावे लागणारे थोडे. बाकीच्यांचा उपचार म्हणजे महिन्याची तपासणी, रोजची गोळी, अधूनमधून समुपदेशन, आणि हे सहा महिने, दोन वर्षे, कधी जन्मभर. मधुमेहासारखाच हा चिवट, हप्त्याहप्त्याने पैसे मागणारा आजार. गोळ्या फार महाग असतातच असे नाही, अनेक सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महाग पडतो तो प्रवास आणि बुडालेला दिवस. निम्हान्सच्या सर्वेक्षणातली कुटुंबे उपचार आणि येण्या-जाण्यापायी महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च करत होती. तेही दहा वर्षांपूर्वी.

इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर. रुग्णाला एकटे धाडता येत नाही, सोबत कोणीतरी हवे. म्हणजे दोन तिकिटे, दोघांचा बुडालेला रोज, दुपारचे जेवण. पहिल्या महिन्यात घरचे हौसेने नेतात. दुसऱ्या महिन्यात दीर जातो. तिसऱ्यात ‘आता बरंय की’ म्हणून गोळी बंद होते. सहा महिन्यांनी आजार परततो आणि गावात बोलले जाते, ‘एवढा पैसा घातला, गुण आला नाही.’ अपयश गोळीच्या माथी येते, एसटीचा खर्च सुटतो.

या चित्रात २०१९पासून एक बदल झाला. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग असावाच लागतो. बारामतीच्या रुग्णाचा शंभर किलोमीटरचा पुण्याचा फेरा त्यामुळे वाचू शकतो. इंदापूर शहरातून मात्र बारामतीही पन्नासेक किलोमीटर पडते, आणि उजनीच्या फुगवट्याकाठच्या वस्तीवरून आधी डांबरी रस्ता गाठायचा असतो.

हंगाम सुटतो, केसपेपर राहतो

या दोन तालुक्यांची आणखी एक अडचण आहे, ती मुंबईत बसून योजना आखणाऱ्याच्या ध्यानात येणे अवघड. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या गाळपासाठी दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा ‘कोयता’, मुकादमाची उचल अंगावर, कोप्यांत मुक्काम, पहाटेपासून फडात. राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत. बीड त्यात आहे, पुणे नाही. म्हणजे गावी उपचार सुरू असलेली एखादी बाई हंगामाला आली, की तिचा केसपेपर बीडमध्ये आणि ती सणसरच्या फडात. जवळच्या गोळ्या संपल्या की उपचार संपले. हा आजार खंड सोसत नाही, आणि हंगाम म्हणजे पाच-सहा महिन्यांचा खंड.

तज्ज्ञ येईपर्यंत कोण?

चोवीस मनोविकारतज्ज्ञ उद्या मिळणार नाहीत. तोवर काय करता येते, याचे उत्तर आपल्या जवळपासच सापडले आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. कापसाचा भाव आणि कर्ज यांनी पिचलेला हा मुलूख. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. त्यांनी घरोघर बोलून उदासीनतेची लक्षणे सांगितली, समुपदेशकाशी गाठ घालून दिली, गरज असेल त्याला डॉक्टरांकडे नेले. दीड वर्षात नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले.

त्याच वर्षी गोव्यातून दुसरा पुरावा आला. ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक बसवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ भेटी बोलायचे. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या कामात इमारत नव्हती, खाट नव्हती. खर्च होता तो माणूस शिकवण्याचा, त्याच्या पगाराचा आणि त्याच्यावर देखरेख ठेवण्याचा.

फोनचाही उपयोग आहे. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीतही बोलता येते. २०२५च्या सुरुवातीपर्यंत देशभरातून १८ लाखांहून जास्त फोन आले. ‘येड्याच्या डॉक्टरकडे’ जाताना कोणी बघेल, ही भीती फोनवर नसते. मात्र फोनवरून धीर मिळतो, महिन्याची गोळी मिळत नाही. गोळी जवळ मिळाली तरच त्या फोनला पुढचा रस्ता असतो.

मोजायचे काय?

नव्या इमारतीचे भूमिपूजन सोपे, फोटोही चांगला येतो. बारामती-इंदापूरला त्याहून साध्या गोष्टींची गरज आहे. इंदापूरच्या उपजिल्हा आणि भिगवणच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराचा वार ठरलेला असावा, आणि तो बाजाराच्या दिवसासारखा गावोगाव ठाऊक असावा. वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी सुरू केलेली गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढे चालू राहावी. आशाताईंना बीपी-शुगरबरोबर झोप आणि मन यांबद्दलचे चार प्रश्न विचारता यावेत, आणि उत्तर ऐकल्यावर कुणाकडे पाठवायचे तेही माहीत असावे. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या तळावर दुसऱ्या जिल्ह्याचा केसपेपर चालावा. यातल्या कशालाही येरवड्याएवढ्या खाटा लागत नाहीत.

आणि यश मोजायला दरवर्षीचा तपासलेल्या रुग्णांचा आकडा पुरणार नाही. पहिल्या महिन्यात आलेल्या शंभरांपैकी सातव्या महिन्यात गोळी घ्यायला किती आले आणि त्यासाठी किती किलोमीटर आले, एवढे दोन आकडे प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाने फळ्यावर लिहावेत. शेतकऱ्याच्या वहीत खुशालीची नोंदसुद्धा सुटत नाही. सरकारच्या वहीत एवढे दोन रकाने वाढायला हरकत नसावी.