मुलांच्या मनाचा डॉक्टर

मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या म्हटले, की ‘आमचे पोर वेडे आहे का?’ हा प्रश्न मी वसमतपासून सेनगावपर्यंत ऐकत आलो आहे. नऊ वर्षांचा मुलगा शाळेच्या वेळीच पोट धरून बसतो. तपासणीत काही निघत नाही, मग ढोंगी म्हणून मार खातो. पण त्याचे दुखणे खरे असते. भीतीनेही पोट दुखते.

हे ओळखणारा डॉक्टर आधी एम.बी.बी.एस. होतो, मग मनोविकारशास्त्रात तीन वर्षे एम.डी. करतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर बालमनोविकारांचा तीन वर्षांचा स्वतंत्र डी.एम. अभ्यासक्रम आहे. एवढे शिकून तो मुलापुढे कागद, रंगीत खडू ठेवतो आणि आईवडिलांना झोप, शाळा, घरातली भांडणे विचारतो. (वडिलांना हे प्रश्न सहसा आवडत नाहीत.) प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही.

ही माणसे काही वेगळी नसतात. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आय.पी.एच. ही संस्था काढली, विद्यार्थ्यांसाठी ‘वेध’ हा उपक्रम सुरू केला. शिवाय ते नाटके लिहितात. दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकणाऱ्याला असा विरंगुळा हवाच.

जवळ असा तज्ज्ञ नसेल तर आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, मोफत, रात्रीही बोलता येते.