पाच व्होल्ट, दीड ओहम आणि कापलेली वायर

वेपच्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी नसते. वर ओढायचं तोंड, मध्ये तेलाची छोटी टाकी, तिच्या बुडाशी कॉइल आणि अगदी खाली आटे. हे आटे ‘५१०’ मापाचे, म्हणजे ५ मिलिमीटर लांबीत १० वेढे. बॅटरी वेगळी विकत घ्यायची आणि आट्यांवर फिरवून बसवायची. ती हरवली की हातात नुसतं भरलेलं कार्ट्रिज उरतं. मग यूएसबीची वायर कापून लाल तार तळाच्या पिनला आणि काळी आट्यांना टेकवायची, हा अमेरिकेत सर्रास सांगितला जाणारा जुगाड. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्रीच बंद आहे, तेव्हा हा प्रयोग करायचा नाहीच. पण त्यामागचं विजेचं गणित पाहण्यासारखं आहे.

कॉइलचा रोध साधारण १.४ ओहम धरू. नेहमीच्या बॅटरीतल्या लिथियम सेलचे ३.७ व्होल्ट तिला दिले, तर सुमारे २.६ अँपिअर वाहतात आणि १० वॅटच्या आसपास उष्णता निघते. यूएसबीचे पाच व्होल्ट दिले तर? व्होल्ट वाढले तिसऱ्या हिश्श्याने, पण उष्णता व्होल्टच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळजवळ १८ वॅटवर जाते.

आता कॉइलजवळ काय चालतं ते बघा. घट्ट तेल कापसातून किंवा सच्छिद्र सिरॅमिकमधून हळूहळू झिरपत कॉइलपर्यंत येतं. त्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते आणि तोवर कॉइल आटोक्यात असते. तेल झिरपण्यापेक्षा वाफ वेगाने व्हायला लागली की कॉइल कोरडी पडते, तापमान एकदम चढतं आणि उरलंसुरलं तेल जळतं. जळका वास येतो तो याचाच. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१५मध्ये निकोटिनच्या वेपवर ३.३ आणि ५ व्होल्ट लावून पाहिले. ३.३ला फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायनं सापडली नाहीत, ५ला सापडली. इतकं जळकं कोणी ओढतच नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. आक्षेप रास्त आहे, पण तो नेहमीच्या बॅटरीवर ओढणाऱ्याला लागू. तार टेकवून बसलेल्याच्या हातात व्होल्ट कमी करायचं बटणच नसतं.

आणि पाच व्होल्टला कॉइल मागते ते साडेतीन अँपिअर चार्जर तरी कुठे देतो? कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबी पोर्टची मर्यादा अर्धा अँपिअर. तो बहुधा बंदच पडतो. दोन अँपिअरचा चार्जर प्रवाह तिथेच रोखून धरत असेल, तर व्होल्टेज तीनच्याही खाली येतं आणि कॉइल जेमतेम साडेपाच वॅटवरच राहते. एकाचं चालतं, दुसऱ्याचं चालत नाही, ते यामुळे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर कापली तर काहीच होत नाही, कारण पलीकडे उपकरण आहे याची खूण पटल्याशिवाय टाइप-सीचा चार्जर वीज सोडत नाही. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची गत निराळी. तिच्या आतलाच रोध कॉइलच्या तोडीचा, त्यामुळे निम्मी उष्णता बॅटरीच्याच पोटात राहते.

सगळ्यात धोक्याचा उपाय तो, ज्याचे व्होल्ट बरोबर जुळतात: फेकलेल्या उपकरणातून काढलेला उघडा लिथियम सेल. त्याचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच. कार्ट्रिजच्या तळाची पिन आणि आटे यांच्यामध्ये सिलिकोनची बारीक कडी असते, तेवढंच काय ते अंतर. तार तिथे सरकून दोन्हीकडे टेकली, तर कॉइल वगळून थेट सेलमधून डझनावारी अँपिअर धावतात. सेल तापतो, आतला पडदा वितळतो, आणि त्यानंतर येणारी आग तार काढून विझत नाही. चांगल्या वेप-पेनच्या बॅटरीत मात्र सेलच्या टोकाला नखाएवढी सर्किटची पट्टी असते. कॉइलचा रोध फारच कमी दिसला तर ती वीज देत नाही, आठ-दहा सेकंदांनी आपणहून बंद करते आणि सेल फार उतरला तर पुरवठा तोडते.