अर्भकाची पहिली पत

मूल लहान आहे तोंवर त्यास दूध व ऊब मिळाली म्हणजे पुरे. माणसांत वागण्याचें वळण तें मोठें झाल्यावर लागेल, असा पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांचाहि समज आहे. आमच्या मतें हा समज चुकीचा तर आहेच, पण घातकहि आहे.

मूल आपल्या आईचा आवाज जन्मानंतर थोड्याच दिवसांत ओळखतें. दीड महिन्याच्या सुमारास तें समोरच्या मुद्रेकडे पाहून हसूं लागतें. सातव्या-आठव्या महिन्यांत परक्यानें घेतलें असतां रडतें. आपण त्यास माणूसघाणें म्हणून हसतों, परंतु आपलें कोण व परकें कोण हा विवेक उत्पन्न झाल्याची ती खूण होय. वर्षाच्या आंतबाहेर तें बोटानें चिमणी दाखवून आपल्या आनंदांत दुसऱ्यास ओढतें. दोन वर्षांचीं मुलें शेजारीं बसूनहि बहुधा निरनिराळीं खेळतात. मिळून भातुकली मांडण्यास तिसरें-चौथें वर्ष उजाडावें लागतें. या सर्व पायऱ्यांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे: हाकेस ओ देणारें, रोजचें, ओळखीचें माणूस. अशा माणसावांचून वाढणाऱ्या मुलाची हानि केवळ अन्नानें भरून येत नाहीं, हें इंग्रज डॉक्टर जॉन बोल्बी यांनीं १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत दाखविलें.

हें माणूस रक्ताचेंच हवें काय? याचें उत्तर पुण्यानें पूर्वींच दिलें आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं येथें बालहत्याप्रतिबंधकगृह काढिलें आणि पुढें एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. समाजानें टाकिलेला तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत त्याच्याच रुग्णालयासाठीं रोगी आणीत असतां सावित्रीबाईंनीं देह ठेविला.

आज या शहरांत जिकडे तिकडे इमारती उठत आहेत. तेथें राबणाऱ्या कित्येक बायांचीं तान्हीं मुलें वाळूच्या ढिगाशेजारीं, आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिवस काढितात. पन्नास वा अधिक नोकर असतील तेथें पाळणाघराची सोय हवी व आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाऊं द्यावें, असा नियम २०१७ सालीं झाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंहि तो कायम ठेविला. परंतु खोली बांधिली, पाळणे टांगिले आणि दर महिन्यास सांभाळणारी बाई बदलली, तर कायद्याचें समाधान होईल. मुलाचें होणार नाहीं. त्या बाईस पुरें वेतन द्यावें, तिच्याकडे थोडींच मुलें सोंपवावीं व तीच बाई टिकवावी.

यांत खर्च आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पेढीची पत कशी बसते हें आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. शब्द दिला आणि तो रोजच्या रोज पाळला म्हणजे ती बसते. मुलाच्या मनांत जगाची पतहि अशीच, पहिल्या तीन-चार वर्षांत बसते. ती तेव्हांच बुडूं दिली, तर पुढें शाळेनें व समाजानें ती वसूल करण्यास किती कष्ट पडतील, याचा हिशेब ज्यानें त्यानें मांडावा.