तारीख कुठली, ते आधी सांगा

पुण्याहून बेळगाव, धारवाड, तुमकूर करत येणारा महामार्ग बंगळुरात शिरतो तो पीण्याच्या उड्डाणपुलावरून. पुलाच्या दोन्ही अंगांना खाली लेथ, प्रेसशॉप, प्लेटिंग, पावडर कोटिंग आणि शिलाईचे कारखाने यांची दाटी आहे. सत्तरच्या दशकात वसलेल्या या वसाहतीत ‘शटडाऊन’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द. बेस्कॉम या वीज कंपनीनं लाइनच्या कामासाठी वीज बंद ठेवली की शटडाऊन, मोठं मशीन उघडून दुरुस्तीला घेतलं की शटडाऊन. दोन्हींमध्ये काम परत कधी सुरू होणार, ती वेळ आधीच ठरलेली असते.

१२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची सही झाली आणि ४३ दिवस बंद असलेलं अमेरिकेचं सरकार पुन्हा उघडलं. तिथल्या तोवरच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला शटडाऊन. दोन दिवसांनी मी पीण्यात होतो. बेळगावच्या उद्यमबागेतून येऊन इथे जॉबवर्कचा गाळा चालवणारे माझे एक परिचित आहेत. कोणत्या नेत्यानं कोणाला काय म्हटलं, ते मी त्यांना सांगत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. “कोण जिंकलं ते राहू दे ओ. कुठल्या तारखेपर्यंत सुटलंय, तेवढं सांगा की.”

उधारीवर माल देणाऱ्या माणसाचा हा प्रश्न. त्या आठवड्यात मी वाचलेल्या बहुतेक राजकीय प्रतिक्रियांपेक्षा तो मला जास्त नेमका वाटला.

तारीख होती ३० जानेवारी २०२६. शेती खातं, माजी सैनिकांचं खातं आणि कायदेमंडळाचा स्वतःचा खर्च यांना सप्टेंबर २०२६पर्यंतचे पैसे मिळाले. गरिबांची अन्नमदत शेती खात्याकडेच असल्यानं तीही सुरक्षित झाली. बाकी जवळजवळ सगळ्या खात्यांना मिळाली ती अडीच महिन्यांची मुदतवाढ.

मुळात एवढं मोठं सरकार बंद पडतं कसं? अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर खर्चाचे कायदे मंजूर झाले नाहीत तर खात्यांना पैसा वापरता येत नाही. मंजुरीशिवाय खर्च करू नये, हा कायदा एकोणिसाव्या शतकातला आहे. मात्र त्यावरून कार्यालयांना टाळं लावायची रीत १९८० नंतरची. त्या वर्षी अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा कडक अर्थ लावला. त्याआधी निधीत खंड पडला तरी खाती चालूच राहत. म्हणजे शटडाऊन अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलेला नाही, तो एका कायदेशीर मतातून आला आहे. हे ध्यानात घेतलं की त्या ४३ दिवसांचे हाल अटळ नव्हते, हेही कळतं.

या वेळचा अडसर आरोग्य विम्याचा होता. कोविडच्या काळात विम्याच्या हप्त्यावर दिलेली वाढीव सवलत २०२५च्या अखेरीस संपत होती. ती चालू ठेवा, तरच खर्चाला मत देऊ, अशी डेमोक्रॅटिक पक्षाची भूमिका होती. सिनेटमध्ये रिपब्लिकनांच्या जागा ५३ आणि विधेयक पुढे सरकायला मतं लागतात ६०. चौदा वेळा प्रयत्न फसला. दरम्यान लाखो कर्मचारी एक तर घरी बसले किंवा पगाराविना कामावर येत राहिले. नोव्हेंबर लागताच सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची अन्नमदत अडकली. विमानांना वाट दाखवणारे नियंत्रकही बिनपगारी काम करत होते. शेवटी ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. एच-वन-बी व्हिसासाठी लागणारी तिथल्या कामगार खात्याची मंजुरी ऑक्टोबरभर बंद होती, त्याची झळ बंगळुरातल्या कितीतरी घरांना बसली.

माझ्या मते खरं वळण २७ ऑक्टोबरला आलं. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सर्वांत मोठी संघटना एएफजीई हिचे अध्यक्ष एव्हरेट केली यांनी त्या दिवशी जाहीरपणे सांगितलं, की विनाअट निधी मंजूर करा आणि सरकार आधी उघडा. ही संघटना डेमोक्रॅटांच्या जवळची. लांबलेल्या संपात युनियनचीच माणसं ‘आता मिटवा’ म्हणू लागली, की पुढचे दिवस मोजकेच उरतात. पीण्यातल्या जुन्या कामगारांना हे सांगावं लागत नाही.

९ नोव्हेंबरच्या रविवारी कोंडी फुटली. डेमोक्रॅटांचे सात सिनेटर आणि त्यांच्यासोबत बसणारे अपक्ष अँगस किंग यांनी बाजूनं मत दिलं आणि ६० विरुद्ध ४० असा आकडा लागला. या आठांपैकी एकालाही २०२६ची निवडणूक लढवायची नव्हती. जीन शाहीन आणि डिक डर्बिन निवृत्त होणार होते, इतरांच्या जागांची निवडणूक थेट २०२८ किंवा २०३०मध्ये होती. मतदाराची भीती तूर्त नसलेल्या माणसांनाच तडजोड परवडली, ही मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. व्हर्जिनियाचे टिम केन यांनी मताच्या बदल्यात एक ठोस गोष्ट मिळवली. शटडाऊनच्या काळात दिलेल्या नोकरकपातीच्या नोटिसा मागे घ्यायच्या आणि ३० जानेवारीपर्यंत नव्या द्यायच्या नाहीत. व्हर्जिनियात केंद्रीय कर्मचारी मोठ्या संख्येनं राहतात, हे त्यामागचं कारण.

नंतर प्रतिक्रियांचा भडिमार सुरू झाला. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गेव्हिन न्यूसम यांनी हा करार नसून शरणागती असल्याचं म्हटलं. सिनेटर बर्नी सँडर्सही संतापले. सिनेटमधले डेमोक्रॅटांचे नेते चक शुमर यांनी स्वतः विरोधात मत दिलं होतं, तरी आपल्या सिनेटरांना एकत्र ठेवता न आल्याबद्दल त्यांनी पक्षनेतेपद सोडावं, अशी मागणी त्यांच्याच पक्षाचे खासदार रो खन्ना यांनी केली. रागाला आणखी एक कारण होतं. ४ नोव्हेंबरलाच व्हर्जिनिया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅट जिंकले होते. हातात आलेला डाव पाच दिवसांत टाकून दिला, असं कार्यकर्त्यांना वाटलं. पलीकडे ट्रम्प यांनी सगळा दोष डेमोक्रॅटांवर टाकला. प्रतिनिधीगृहात २२२ विरुद्ध २०९ मतांनी विधेयक पार पडलं. सहा डेमोक्रॅट बाजूनं गेले, दोन रिपब्लिकन विरोधात. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि मराठी वाचकांना ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे माहीत असलेले डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार आपल्या पक्षाबरोबर राहिले, त्यांनी विरोधात मत दिलं.

संताप रिपब्लिकनांतही होता, पण वेगळ्या कारणानं. करारात गुपचूप एक कलम घुसवलं होतं. तपासयंत्रणांनी न सांगता फोनची नोंद मिळवली, तर सिनेटरला किमान पाच लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावता येईल, असं ते कलम. आठवड्याभरातच प्रतिनिधीगृहानं ते रद्द करण्याच्या बाजूनं ४२६ विरुद्ध शून्य मतं दिली. लोक अन्नमदतीसाठी रांगेत उभे असताना असं कलम लिहिलं जावं, याचा राग यायलाच हवा.

आता मूळ मुद्दा. डेमोक्रॅटांना विम्याच्या सवलतीबद्दल काय मिळालं? सिनेटचे बहुमताचे नेते जॉन थून यांनी डिसेंबरमध्ये त्यावर मतदान घेण्याचं आश्वासन दिलं. हे आश्वासन किती वजनाचं, ते समजायला पीण्यातली भाषा कामाला येते. इथे कारखान्यातलं भांडण मिटलं की कन्नडमध्ये ‘ओप्पंद’ आणि युनियनच्या तोंडी ‘सेटलमेंट’ झाली म्हणतात. मग लगेच विचारतात, ट्वेल्व्ह-थ्री की एटीन-वन? ही नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कलमं. मालक आणि युनियन यांनी आपसात सही केली, तर तो १८(१)चा करार, तो फक्त सही करणाऱ्यांना बांधायचा. लेबर ऑफिसरच्या समोर, समेटाच्या कार्यवाहीत सही झाली तर १२(३)चा, तो त्या कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराला, उद्या भरती होणाऱ्यालासुद्धा लागू व्हायचा. म्हणूनच जाणती युनियन घाई न करता बन्नेरघट्टा रोडवरच्या कार्मिक भवनाच्या फेऱ्या मारत आली.

थून यांचं आश्वासन १८(१)सारखं होतं. त्यानं सिनेटचे नेते बांधले गेले, प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन नाहीत. त्यांनी मतदानाचं वचन दिलंच नाही. शिवाय वचन मतदानाचं होतं, मंजुरीचं नव्हतं. ११ डिसेंबरला मतदान झालं. सवलत तीन वर्षं वाढवण्याच्या बाजूनं ५१, विरोधात ४८. लागत होती ६०. शब्द पाळला गेला आणि सवलत वर्षअखेरीस संपली.

त्या दिवशी पीण्यात परिचितांनी आणखी एक विचारलं होतं, आपल्याकडे असं झालं असतं तर? झालं नाही, पण बंगळुरूत एकदा अगदी उंबरठ्यापर्यंत आलं होतं. जुलै २०१९ मध्ये.

त्या वर्षी फेब्रुवारीत मुख्यमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनी अर्थसंकल्प मांडला होता. तूर्त खर्चासाठी विधानसभेनं लेखानुदान दिलं होतं, त्याची मुदत ३१ जुलैला संपत होती. दरम्यान सत्ताधारी काँग्रेस आणि जनता दलाच्या काही आमदारांनी राजीनामे दिले. पीण्याला लागून असलेल्या महालक्ष्मी लेआउट, यशवंतपूर आणि राजराजेश्वरीनगर या तीनही मतदारसंघांचे आमदार त्यांत होते. बंडखोर मुंबईत पवईच्या हॉटेलात मुक्कामाला होते. त्यांना भेटायला आलेले काँग्रेसचे मंत्री डी. के. शिवकुमार यांना १० जुलैला हॉटेलबाहेरच अडवलं, ते दृश्य महाराष्ट्रानंही पाहिलं. २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ मतांनी सरकार पडलं. २६ला बी. एस. येडियुरप्पा यांचा शपथविधी झाला. लेखानुदान संपायला पाच दिवस उरले होते आणि वित्त विधेयक अजून मंजूर व्हायचं होतं.

२८ जुलैच्या रविवारी विधानसभाध्यक्ष के. आर. रमेश कुमार यांनी आणखी १४ आमदार अपात्र ठरवले. अपात्रांची संख्या १७ झाली. दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. विश्वासदर्शक ठरावावर सिद्धरामय्या यांनी या सरकारला जनादेश नसल्याचं ठणकावलं. येडियुरप्पा म्हणाले, विसरायचं आणि माफ करायचं. विरोधकांनी मतविभागणी मागितली नाही, ठराव आवाजी मतानं पार पडला. लगेच आदल्या सरकारनं तयार केलेलं वित्त विधेयक जसंच्या तसं मांडलं गेलं आणि चर्चेविना मंजूर झालं. तीन आठवडे एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्या एका कामापुरती गप्प राहिली. ते झाल्यावर रमेश कुमार यांनी राजीनामा दिला आणि ते खुर्चीवरून उतरले.

ते मंजूर झालं नसतं तर? आपल्या घटनेनं यासाठी आधीच वाट आखली आहे. विधानसभेच्या मंजुरीशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही, इथवर अमेरिकेसारखंच. पण पूर्ण मंजुरी होईपर्यंत कलम २०६ खाली लेखानुदान घेता येतं. आणि ज्याला खर्च मंजूर करून घेता येत नाही, ते मंत्रिमंडळ जातं. दुसरं बनतं, नाहीतर राष्ट्रपती राजवट लागते आणि राज्याच्या खर्चाची मंजुरी संसदेकडे जाते. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षं हलत नाही, म्हणून हाल कर्मचाऱ्याचे होतात. आपल्याकडे हलतो तो मुख्यमंत्री. शिक्षकाचा पगार, पोलिसाचा पगार, दवाखान्याचं औषध चालू राहतं. मला ही घटनाकारांची फार मोठी दूरदृष्टी वाटते.

तिची किंमतही आपण मोजतो. १४ मार्च २०१८ला लोकसभेनं केंद्राचं वित्त विधेयक गोंधळात, चर्चेविना मंजूर केलं. २३ मार्च २०२३ला सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या अनुदानाच्या मागण्या काही मिनिटांत पार पडल्या. पैसा अडणार नाही याची खात्री असल्यामुळे तो कशावर खर्च होतो हे विचारायचंच राहून जातं. अमेरिकेत निदान विम्याच्या सवलतीचं नाव त्या ४३ दिवसांत घराघरांत पोचलं. तेवढ्यासाठी लोकांचं ताट अडवावं, असं मात्र मी म्हणणार नाही.

परिचितांच्या गाळ्यात नऊ माणसं आहेत. ऑर्डर नसेल तर कामगाराला निम्मं वेतन द्यायचं, ही ले-ऑफची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात पन्नास कामगारांपासून पुढे होती. पीण्यातले बहुतेक गाळे त्या आकड्याच्या खाली. म्हणून त्यांना अमेरिकी कर्मचाऱ्यांचं काय झालं, यात रस होता. मी सांगितलं, २०१९च्या कायद्यानं त्यांना मागचा सगळा पगार मिळतो. “आणि कंत्राटवाले?”

त्यांना नाही. सरकारी इमारतींत झाडलोट करणारे, कँटीनमध्ये वाढणारे, दारावर उभे राहणारे लोक ठेकेदाराच्या पटावर असतात आणि तो कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मिनेसोटाच्या सिनेटर टीना स्मिथ त्यांच्या पगारासाठी २०१९पासून विधेयक मांडत आल्या आहेत. नोव्हेंबरच्या करारात त्याला जागा मिळाली नाही.