पडद्यावरचे वाचन – भाग ६ : टॅबवर कॉमिक्ससाठी कोणती सेवा निवडावी?

कॉमिक्सचे पान म्हणजे एक अखंड चित्र असते. कादंबरीचे डिजिटल पुस्तक पडद्यानुसार ओळी नव्याने जुळवून घेते; अक्षर मोठे केले की पाने वाढतात, एवढेच. चित्रकथेत ही सोय नाही. चौकटींची मांडणी, संवादांचे फुगे, दोन पानांवर पसरलेले दृश्य हे सारे चित्रकाराने ठरावीक मापात बसवलेले असते, आणि पडदा लहान असला की सगळेच एकदम आकसते. त्यामुळे सेवेची निवड करण्याआधी हातातला टॅब पाहावा लागतो.

अमेरिकी मासिक अंकाचे पान सुमारे ६.६ इंच रुंद आणि १०.२५ इंच उंच असते. त्याचा कर्ण १२ इंचांहून थोडा अधिक भरतो. ४:३ प्रमाणाच्या ९.७ इंची टॅबवर हे पान छापील आकाराच्या साधारण तीन-चतुर्थांश दिसते. १६:१० प्रमाणाच्या १०.१ इंची टॅबवर ते चार-पंचमांशापर्यंत जाते, कारण तो पडदा उभा धरला की अमेरिकी पानासारखाच उंच आणि अरुंद होतो. पूर्ण आकारात पान पाहायचे तर ४:३ चा १२.९ इंची पडदा लागतो. जपानी मांगाच्या इंग्रजी पुस्तकाचे पान मात्र ५ बाय ७.५ इंचांचे, म्हणून ते ९.७ इंची पडद्यावर अख्खे मावते. उलट टिनटिनसारख्या युरोपीय अल्बमचे पान जवळजवळ ए-४ कागदाएवढे. त्याला ४:३ चा पडदाच बरा, आणि तिथेही ते दोन-तृतीयांशावर येते. देवनागरीतल्या चित्रकथांना आणखी एक अडचण आहे. रोमन लिपीतल्या कॉमिक्समध्ये संवाद बहुधा मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात आणि आकार घटला तरी बराच काळ वाचता येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वरच्या-खालच्या मात्रा आणि जोडाक्षरे आधी पुसट होतात. मराठी चित्रकथा आठ इंची पडद्यावर वाचायची असेल, तर नमुन्याचे एखादे पान आधी उघडून पाहणे आवश्यकच आहे.

लहान पडद्यावरचा उपाय म्हणून एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्कच्या कॉमिक्सॉलॉजी या कंपनीने ती ‘गायडेड व्ह्यू’ या नावाने लोकप्रिय केली. फोनवर ती फार उपयोगी आहे. टॅबवर मात्र तिची सवय न लावणेच चांगले. पानावरची मोठी चौकट, तिच्या कडेच्या अरुंद चौकटी, मधली रिकामी जागा यांतूनच चित्रकार कथेची गती ठरवतो. एकेक चौकट सुटी केली की ती गती नाहीशी होते. चांगल्या ॲपमध्ये पूर्ण पान आणि सुटी चौकट यांत एका बोटाने जा-ये करता येते, टॅब आडवा धरला की समोरासमोरची दोन पाने नीट जोडून दिसतात आणि मांगा असेल तर पाने उजवीकडून डावीकडे उलटतात. या तीन गोष्टी तपासायला पाच मिनिटे पुरतात.

याच कॉमिक्सॉलॉजीचा पुढचा इतिहास सेवा निवडणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली. २०१० च्या एप्रिलमध्ये पहिला आयपॅड आला आणि रंगीत कॉमिक्ससाठी योग्य पडदा प्रथमच घरोघरी जाऊ लागला. मार्व्हल, डीसी, इमेज अशा प्रकाशकांचे अंक एकाच दुकानात मिळू लागले. एप्रिल २०१४ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. त्यानंतर लगेचच आयपॅडवरच्या ॲपमधून खरेदीचे बटण गेले, कारण ॲपमधल्या खरेदीवर ॲपल ३० टक्के वाटा घेत असे; वाचकाला ब्राउझर उघडून संकेतस्थळावर जाऊन अंक घ्यावा लागू लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते स्वतंत्र दुकान ॲमेझॉनच्या दुकानात विलीन झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॉमिक्सॉलॉजीचे ॲपही बंद होऊन सर्व अंक किंडलच्या ॲपमध्ये गेले. अंक हरवले नाहीत. पण मालिकेनुसार लावलेले कपाट विस्कटल्याची तक्रार अनेक वाचकांनी केली, आणि ती रास्त होती.

जेमांगाच्या वाचकांना एवढेही मिळाले नाही. जपानी प्रकाशकांच्या पाठबळावर २०११ मध्ये सुरू झालेली ही इंग्रजी सेवा २०१३ मध्ये बंद पडली. पुस्तके उतरवून घेण्याची सोय नव्हती. सेवा थांबली त्या दिवशी पैसे देऊन घेतलेली मांगा वाचकांच्या हातून गेली.

असे होऊ शकते, कारण बहुतेक डिजिटल दुकानांत ‘खरेदी’ या शब्दाखाली वाचनाचा परवाना विकला जातो. फाइलला कुलूप असते आणि किल्ली दुकानाच्या सर्व्हरवर. कॅलिफोर्निया राज्याने केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला तिथल्या ग्राहकाला हे स्पष्ट सांगावे लागते. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने उपकरणात घालण्याची जुनी सोय बंद केली. वाचकाकडे स्वतःची प्रत राहण्याचा आणखी एक मार्ग त्यामुळे बंद झाला. भारतातल्या वाचकालाही हे तितकेच लागू आहे, कारण दुकान तेच आणि कुलूपही तेच.

कुलूप नसलेली कॉमिक्सही मिळतात. त्यांची नेहमीची रूपे म्हणजे पीडीएफ आणि सीबीझेड. सीबीझेड ही दुसरे काही नसून पानांची चित्रे क्रमाने भरलेली झिप फाइल असते. त्यामुळे ती आज कॉमिक्स वाचण्याच्या बहुतेक ॲपमध्ये उघडते आणि वीस वर्षांनीही उघडेल. ब्रिटनमध्ये १९७७ पासून निघणारे ‘२००० एडी’ हे साप्ताहिक आपल्या दुकानातून अशा मोकळ्या फाइली विकते. हंबल बंडल या संकेतस्थळावर वेगवेगळ्या प्रकाशकांचे गठ्ठे काही दिवसांपुरते स्वस्तात मिळतात. वाचण्यासाठी अँड्रॉइडवर परफेक्ट व्ह्यूअर, आयपॅडवर पॅनेल्स अशी ॲपे आहेत. तोटे दोन: मोठ्या अमेरिकी प्रकाशकांचे अंक या मार्गाने क्वचितच मिळतात, आणि फाइली जपण्याची जबाबदारी वाचकाची असते. एक प्रत टॅबवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर, एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

वर्गणीच्या सेवांचा हिशेब वेगळा. तिथे मालकीचा प्रश्नच नसतो. महिन्याचे पैसे भरले तोवर कपाट उघडे. मार्व्हलने हा प्रयोग २००७ मध्येच सुरू केला. आजच्या मार्व्हल अनलिमिटेडमध्ये ३० हजारांहून अधिक अंक आहेत, नवा अंक छापील विक्रीनंतर सुमारे तीन महिन्यांनी येतो आणि इंटरनेट नसतानाही वाचता यावा म्हणून उतरवून ठेवता येतो. स्पायडरमॅनची साठ वर्षांची मालिका सलग वाचू पाहणाऱ्याला याहून किफायतशीर मार्ग नाही. एवढे अंक एकेक विकत घेणे सामान्य वाचकाला शक्यच नाही. डीसीची अशीच सेवा २०२१ पासून डीसी युनिव्हर्स इन्फिनिट या नावाने चालते, पण ती ठरावीक देशांपुरती आहे. आपल्या देशात सेवा अधिकृतपणे मिळते का, हे बघण्याआधीच वर्षाची वर्गणी भरू नये.

मांगाच्या वाचकाला भारतात बसून सर्वांत स्वस्त सौदा मिळतो. अमेरिकेच्या व्हिझ कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये शोनेन जंप या मांगा नियतकालिकाची डिजिटल वर्गणी अवघ्या १.९९ डॉलरला सुरू केली, तेव्हा पहिल्या देशांच्या यादीत भारत होता. महिनाभर पुढे, जानेवारी २०१९ मध्ये, मूळ जपानी प्रकाशक शुएइशाने मांगा प्लस आणले. त्यात चालू मालिकांची पहिली आणि ताजी काही प्रकरणे विनामूल्य वाचता येतात आणि नवे प्रकरण जपानबरोबरच प्रसिद्ध होते. इतकी स्वस्त अधिकृत वाट असताना चोरून केलेली भाषांतरे देणाऱ्या संकेतस्थळांकडे वळण्याचे कारण उरत नाही. त्या वाचनातून चित्रकाराला एक पैसाही मिळत नाही.

कोरियातून आलेल्या वेबटूनची रचना खाली सरकत जाणाऱ्या उभ्या पट्टीची, म्हणजे मुळातच फोनसाठीची. त्यांच्यासाठी टॅब घेण्याची किंवा निवडीची फार चिंता करण्याची गरज नाही.

भारतीय चित्रकथांत पहिले नाव येते ते अमर चित्र कथेचे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही मालिका आणि १९८० पासूनचे ‘टिंकल’ आता स्वतःच्या ॲपांवर वाचता येतात. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकांनाही जागा मिळाली. तरीही एखादे शीर्षक छापील मराठीत आहे म्हणून डिजिटल मराठीतही असेलच असे नाही. मुलांसाठी मराठीत वाचायला हवे असेल तर हवी ती शीर्षके त्या भाषेत आहेत का, हे शोधूनच वर्गणी भरावी. नुसता अंकांचा एकूण आकडा पाहून काही कळत नाही. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना आणखी एक दार उघडे आहे. तिथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदत्वावर हूप्ला या सेवेतून कॉमिक्स विनामूल्य आणि रांगेत न थांबता उसनी मिळतात. महिन्याला किती, याची मर्यादा ग्रंथालय ठरवते.

लांबलचक मालिका एकदा वाचून बाजूला ठेवायची असेल तर वर्गणी घ्यावी, आणि वाचन संपल्यावर ती आठवणीने बंद करावी. पुन्हा पुन्हा उघडण्यासारखी पुस्तके शक्य तिथे कुलूप नसलेल्या फाइलीत घ्यावीत, नाहीतर छापील. कुलूपबंद ‘खरेदी’ला तिसरे स्थान द्यावे, आणि तीही सवलतीच्या दरात मिळत असेल तरच. छापील पुस्तकाएवढी किंमत तिच्यासाठी मोजू नये.