विश्लेषण : चिंचिलाची खाण्याची वाटी आणि गवताची गव्हाण त्याच्या जिवावर का बेतते?

पिंजरा विकत घेतला की त्यासोबत अनेकदा एक तयार संच मिळतो. रंगीत प्लास्टिकची वाटी, गवत भरून टांगायचा तारेचा गोळा आणि पाण्याची बाटली. फोटोत हे सगळे छान दिसते. मात्र चिंचिला ती वाटी कुरतडून तिचे तुकडे गिळू शकतो आणि गोळ्याच्या तारांत त्याचा पाय किंवा मान अडकू शकते. काही हजार रुपयांच्या पिंजऱ्यातील या दोन सर्वांत स्वस्त वस्तूंचा विचार म्हणूनच आधी करावा लागतो.

चिंचिला इतका नाजूक का?

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांमधील थंड, कोरड्या, खडकाळ उतारांवर राहणारा हा कुरतडणारा प्राणी. त्याच्या एकेका रोमछिद्रातून पन्नासहून अधिक केस उगवतात आणि याच मऊ फरसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. मॅथियास चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने 1923 मध्ये चिलीहून 11 चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आज घरांत पाळले जाणारे बरेचसे चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. चांगली निगा राखली तर तो 15 वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो.

त्याच्या शरीराच्या तीन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, दात. समोरचे पटाशीचे आणि मागच्या दाढा मिळून 20 दात आणि सगळेच आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात वर्षाला पाच सेंटिमीटरहून अधिक वाढतात. ते झिजवण्यासाठी त्याला दिवसरात्र काहीतरी चावावेच लागते, त्यात खोडकरपणा नसतो. दुसरी, त्याला उलटी होत नाही. पोटात गेलेली नको ती वस्तू पुढेच सरकते, नाहीतर अडते. तिसरी, मागच्या पायाची नडगी. हे हाड मांडीच्या हाडापेक्षाही लांब, सरळ, पातळ आणि त्यावर मांस जवळपास नाहीच. उड्या मारण्यासाठी उत्तम, पण पाय अडकलेला असताना अंगाला झटका बसला तर काडीसारखे मोडते.

प्लास्टिकची वाटी का नको?

प्लास्टिक चावायला मऊ, त्यामुळे एका रात्रीत वाटीची कड नाहीशी झालेली दिसते. यातले काही तुकडे खाली पडतात, काही पोटात जातात. प्लास्टिक पचत नाही आणि आतड्यात अडकले तर चिंचिलाचे खाणे थांबते. त्याचे पचन आतड्यातील जिवाणूंच्या किण्वनावर चालते. खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू साठतो, पोट दुखते आणि पोट दुखते म्हणून तो आणखी खात नाही. हे चक्र एका दिवसात जिवावर येऊ शकते.

वाटीवर ‘फूड ग्रेड’ लिहिलेले असले तरी इथे फरक पडत नाही. तो शिक्का अन्नात रसायने उतरण्याबाबतचा आहे. वाटीच खाल्ली तर काय, याबद्दल तो काही सांगत नाही. सिलिकॉन आणि मेलामाइनच्या भांड्यांनाही हेच लागू.

मग वाटी कोणती घ्यावी?

दोनच पर्याय खरे भरवशाचे आहेत : जड चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील.

चिनी मातीची वाटी घेताना तळ रुंद आणि बाजू सरळ असलेली निवडावी. चिंचिला साधारण अर्ध्या किलोचा असतो आणि दोन पाय काठावर ठेवून उभा राहतो. वरून रुंद आणि खाली निमुळती वाटी त्या वजनाने कलंडणारच. रिकामी असतानाही हाताला चांगली जड लागणारी, दहाबारा सेंटिमीटर व्यासाची, उथळ वाटी पुरते. फार मोठी घेतली तर तो तिच्यातच बसतो आणि मग खाण्यात लेंड्या व लघवी मिसळते. रोजचे खाणे मोठ्या चिंचिलाला एक ते दोन चमचे दाणेदार खाद्य इतकेच असते, त्यामुळे कढईएवढ्या भांड्याची गरजच नाही. जत्रेतली, हाताने रंगवलेली शोभेची भांडी टाळावीत, कारण अशा चकाकीत शिसे असू शकते. टवका उडालेली वाटी टाकून द्यावी. तिची धार जिभेला लागते आणि भेगेत ओल साचते.

स्टीलची वाटी प्रत्येक मराठी घरात असतेच, पण नुसती ठेवली तर ती रात्रभर पिंजऱ्यात वाजत फिरते. हलक्या स्टीलसाठी पिंजऱ्याच्या जाळीला नटबोल्टने घट्ट बसणारी कडी लागते. पक्ष्यांच्या पिंजऱ्यासाठी अशा कडीच्या वाट्या मिळतात, त्या चालतात. नट पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला यायला हवा. नुसत्या आकड्याने अडकवलेली वाटी तो नाकाने उचलून पाडतो. जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे भांडे मात्र घेऊ नये. मुलामा कुरतडला गेला तर जस्ताची विषबाधा होऊ शकते.

गवताच्या गव्हाणीत धोका नेमका कुठे?

चिंचिलाच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे टिमोथीसारखे वाळलेले गवत आणि ते चोवीस तास समोर हवे. इथे आपल्याकडच्या लोकांची एक गल्लत होते. लसूणघास सहज मिळते, म्हणून तीच रोज दिली जाते. तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असतात. मोठ्या चिंचिलाला ती रोजचे अन्न म्हणून योग्य नाही आणि ओली तर नकोच, पोट फुगते. भाताचा पेंढाही टिमोथीची जागा घेऊ शकत नाही.

गवत जमिनीवर टाकले तर ते घाण होते, म्हणून गव्हाण लागते. पण बाजारातील सर्वांत लोकप्रिय प्रकार, तारेचा लटकता गोळा, हाच सर्वांत धोक्याचा. त्यात दोन दोष आहेत. एक, तारांमधील फट इतकी असते की डोके किंवा पाय आत जातो, पण वळवून बाहेर काढता येत नाही. दुसरा, गोळा हलतो. पाय अडकलेला प्राणी उडी मारतो, गोळा फिरतो आणि सगळा पीळ नडगीवर येतो. कापडी पिशव्यांचे दुखणे वेगळे : उसवलेला दोरा बोटांभोवती आवळला जातो किंवा गिळला जातो.

जाळीला पक्की बसणारी, न हलणारी धातूची गव्हाण त्यामानाने बरी. फटी अरुंद हव्यात, गवताची काडी ओढता येईल पण पंजा शिरणार नाही इतक्या. वरून झाकण हवे, कारण उघड्या गव्हाणीत उडी मारून बसणे हा चिंचिलाचा आवडता उद्योग. ती त्याच्या तोंडाच्या उंचीला लावावी. फार वर लावली तर काड्या आणि धूळ थेट डोळ्यांत जाते. सर्वांत साधा उपाय पिंजऱ्याबाहेर आहे : गव्हाण जाळीच्या बाहेरून अडकवायची आणि गवत गजांमधून आत ओढू द्यायचे. दिसायला ओबडधोबड, पण आत अडकायला काहीच उरत नाही.

लाकडी गव्हाण तो खाणार हे गृहीत धरावे. रंग, पॉलिश, खिळे नसलेले सफरचंदाचे, विलोचे किंवा भट्टीत वाळवलेले पाइनचे लाकूड चालते. देवदार, एमडीएफ आणि प्लायवूड नको. कोणते लाकूड आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर ते घेऊच नये.

आपल्या हवेत आणखी काय?

तापमान 25 अंशांच्या वर गेले की चिंचिलाला त्रास सुरू होतो, उष्माघाताने तो दगावूही शकतो. म्हणजे मुंबई-पुण्यात एसीशिवाय तो पाळणे ही क्रूरताच. पावसाळ्यात दमटपणामुळे गवत आणि दाणेदार खाद्य दोन्हींना बुरशी येते. त्यामुळे उरलेले खाद्य रोज काढावे, वाटी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करूनच पुन्हा भरावी आणि गवत थोडे थोडे घालावे. कुबट वास आलेले गवत उन्हात वाळवून पुन्हा देऊ नये.

अडकलाच तर?

ओढू नये. घाबरलेल्या चिंचिलाला पकडले की त्याच्या केसांचा पुंजका हातात येतो आणि तो आणखी झटके देतो. एकाने टॉवेलमध्ये शरीर आधार देऊन धरावे, दुसऱ्याने तार कापावी. यासाठी पिंजऱ्याजवळ एक वायर कटर ठेवलेला बरा. नंतर तो तीन पायांवर चालत असेल, अर्धा दिवस खात नसेल, लेंड्या बारीक झाल्या असतील किंवा हनुवटी लाळेने ओली असेल तर सकाळची वाट न पाहता विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. अॅमॉक्सिसिलिनसारखे अँटिबायोटिक तोंडावाटे दिले तर आतड्यातील जिवाणूंचा तोल बिघडून प्राणी मरू शकतो. नडगी वाईट मोडली असेल तर अनेकदा पाय काढावा लागतो. तीन पायांवरही चिंचिला उड्या मारायला शिकतो, फक्त त्याच्या पिंजऱ्यातील फळ्या मग खाली घ्याव्या लागतात.